अकरा कारखान्यांचा एक पंप

आमच्या ह्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय. बाकी सगळी वस्ती त्यांना जोडारी म्हणते. रागावले की मीसुद्धा म्हणते. सुटे भाग जोडून यंत्र उभं करतो तो जोडारी, आणि त्याखेरीज ह्यांना दुसरं काहीही येत नाही, हे मी सव्वीस वर्षं संसार करून खात्रीने सांगू शकते. चहा टाकायला सांगा, पातेलं करपवतील. लेकीचा अभ्यास घ्यायला सांगा, ती रडत उठेल. पण पाण्याचा पंप चाचणीच्या टाकीवर लावून अर्धा तास चालवला, की त्याच्या अंगावर तळहात ठेवून हे सांगणार, "आत बेअरिंग कुरकुरतंय, खोला परत." आणि खोललं की तेच निघणार.

आम्ही घरगुती पाण्याचे पंप बनवतो. बनवतो कसले, आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये फक्त जोडतो. पंपाची लोखंडी बॉडी ओतायची माझ्या धाकट्या भावाने, त्याची भट्टी मागच्या गल्लीत. तांब्याच्या तारेचं वाइंडिंग करायचं शेजारच्या काकूंनी आणि त्यांच्या दोन सुनांनी. आतला दांडा एकाकडे, रबरी सील दुसऱ्याकडे, रंग तिसऱ्याकडे, खोकी चौथ्याकडे. तीन गल्ल्यांत मिळून असे अकरा कारखाने. कारखाना म्हटलं म्हणून कोणी हुरळून जाऊ नये, त्यातले चार घरातल्याच एखाद्या खोलीत होते. अकरा जणांचं मिळून पंपावर एकच नाव आणि एकच स्टिकर.

नियम दोनच होते, आणि तेही तोंडी. पहिला नियम, पंप बिघडून परत आला तर कोणाच्या भागाची चूक हे गिऱ्हाइकासमोर बोलायचं नाही. "आमच्याकडून झालं," एवढंच म्हणायचं आणि पंप उचलायचा. दुसरा नियम, एकाने एकच काम करायचं, दुसऱ्याचं शिकायचं नाही. हा दुसरा ह्यांच्या डोक्यातून निघालेला. ह्यांचं म्हणणं असं, की ज्याला सगळं येतं तो उद्या सगळं घेऊन चालता होईल. कोणालाच एकट्याने पंप बनवता आला नाही, तर सगळे एकमेकांना धरून राहतील. मी तेव्हाच विचारलं होतं, "आणि त्यातला एखादा मेला तर?" तर म्हणाले, "तू जरा शुभ बोलत जा."

रोज सकाळी आठला हे स्कूटरवरून फेऱ्याला निघायचे. काकूंकडे तार पुरेशी आहे का, रंगवाल्याचा कॉम्प्रेसर चालू झाला का, आज कोणाचा कारागीर आला नाही, कोणाचा माल कोणाच्या दारात अडकलाय. सगळीकडे चहा पिऊन दुपारी एकला घरी उगवायचे आणि मी ताट वाढलं की म्हणायचे, भूक नाही. यावरून आमची जेवढी भांडणं झाली तेवढी दुसऱ्या कशावरूनही झाली नसतील. "अहो, कोणाकडे काय आहे ते निदान वहीत लिहून ठेवा," म्हटलं तर बोटाने कपाळ ठोकून दाखवायचे. सगळं इथे आहे म्हणे.

मग ती परदेशी कंपनी आली. मोठ्या रस्त्यावर काचेचं दुकान, आत गारेगार हवा, आणि पंप दागिन्यांसारखे मांडलेले. मी स्वतः जाऊन, चालू पंपाला कान लावून आले. त्यांच्या पंपाचा आवाज आमच्यापेक्षा कमी होता. घरी येऊन ह्यांना तसं सांगितलं, तर दोन दिवस माझ्याशी अबोला.

पण खोटं कशाला सांगू, पहिली चार वर्षं आम्ही त्या कंपनीला पुरून उरलो. आमच्याकडच्या पाण्यात बारीक रेती येते. ती रबरी सील खाते, आणि सील खाल्लं गेलं की पंप गळतो. कंपनीचे पंप सहा महिन्यांत गळायला लागले. दुरुस्तीसाठी फोन करा, नंबर लावा, माणूस येईल तेव्हा येईल. बरं, सीलच बदलून नवं जाड घालायचं, तर त्याला मुख्य कचेरीची परवानगी लागते, आणि ती कचेरी समुद्रापलीकडे. आमच्याकडे एका प्लंबरने सोमवारी हीच तक्रार केली. हे सीलवाल्याला घेऊन दांडेवाल्याकडे गेले, तिथून तिघं माझ्या भावाच्या भट्टीवर. चौघांनी उभ्या उभ्या ठरवलं, सील जाड करायचं आणि बॉडीतली खाच थोडी खोल घ्यायची. शनिवारी नवा पंप टाकीवर चालत होता. प्लंबर लोकांनी घरोघरी सांगितलं, घ्यायचा तर जोडारीचा घ्या. कंपनीला तेवढ्याच बदलाला सव्वा वर्ष लागलं. त्या वर्षी ह्यांचा रुबाब काय विचारता! घरात नळ गळत असला तरी चालेल, पण बाहेर कॉलर ताठ.

यावर कंपनी भांडली नाही की कोर्टात गेली नाही. तिने एक मॅडम पाठवली.

तिशीची असेल. साधे कपडे, सपाट चपला, मऊ आवाज. शेडमध्ये आली आणि बराच वेळ नुसती टाकीवर चाललेला पंप बघत उभी राहिली. मग म्हणाली, "सर, आमचे इंजिनियर विचारतात, हे लोक एका आठवड्यात बदल करतात तरी कसे?"

झालं! बावीस वर्षं शेड चालवली, ह्यांना कधी कोणी सर म्हटलं नव्हतं. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला तिला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. ह्यांनाच का नावं ठेवू, मीही चढले. दोनदा चहा केला तिच्यासाठी, आणि चांगल्या कपांतून दिला.

तिने एक फॉर्म आणला होता. इथल्या लहान उद्योगांची पाहणी करतोय म्हणाली, म्हणजे पुढे सगळ्यांनाच काम देता येईल. कोण कोणता भाग बनवतो, महिन्याला किती नग, माणसं किती, आणि शेवटी एक रकाना होता, याने काम थांबवलं तर दुसरा कोण आहे? ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. बावीस वर्षं जे त्यांच्या कपाळात होतं ते दोन तासांत कागदावर उतरलं. शेवटच्या रकान्यात वाइंडिंगपुढे मी लिहिलं, दुसरा कोणी नाही. दांड्यापुढे लिहिलं, दुसरा कोणी नाही. भावापुढे लिहिताना तर मला अभिमान वाटला. दुसरा कोणी नाही, त्याच्यासारखी साच्याची वाळू कोणालाच जमत नाही, असं मी आपण होऊन दोन शब्द वाढवून लिहिलं. हे लिहिताना मला एकदाही शंका आली नाही. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कंपनीने अकराही दारं ठोठावली नाहीत. तिला तीनच पुरेशी होती.

पहिल्या गेल्या काकू. पण त्या सांगायला आल्या, हे त्यांचं मोठेपण. शेडच्या दारातच रडायला लागल्या. "जोडारीभाऊ, कंपनी वाइंडिंगचं रोजचं ठरलेलं काम देतेय. घरातल्या सगळ्यांचा आजारपणाचा विमा पण. पण मग दुसऱ्या कोणाचं करायचं नाही म्हणतात. सुना म्हणतात घ्या. मी त्यांना कोणत्या तोंडाने नको सांगू?"

हे म्हणाले, "घ्या काकू. खरंच घ्या."

मी आत सुटे भाग पुसत होते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकू गेल्यावर मी बाहेर येऊन म्हटलं, "घ्या काय घ्या? अडवायचं नाही का त्यांना?"

"कशाच्या जोरावर अडवू? माझ्याकडे विमा आहे?"

मी परत सुटे भाग पुसायला गेले. वाइंडिंग दुसऱ्या शहरातून मागवायला लागलो. चालायचं, पण पंप तापायचे.

चार महिन्यांनी दांडेवाला गेला. तो सांगायलाही आला नाही. ह्यांनी फेऱ्यात त्याच्या दारात स्कूटर थांबवली, तर आतून त्याच्या बायकोने सांगितलं की ते घरी नाहीत, आणि मागे लेथचा आवाज चालू. ह्यांनी गाडी वळवली. त्यानंतर त्या गल्लीत जायचंच टाळायचे, लांबून वळसा घालायचे. दांडा कसाबसा एका दुसऱ्या लेथवाल्याला शिकवला.

मग उरलेल्या नऊ जणांची आमच्या शेडमध्ये बैठक झाली. सगळ्यांनी शपथा घेतल्या. आता कोणी जायचं नाही, काय व्हायचं ते सगळ्यांचं मिळून होईल. सगळ्यात मोठ्याने माझा भाऊ बोलला. "भावजी, माझी भट्टी आहे तोवर तुमचा पंप आहे," असं म्हणून त्याने ह्यांचे दोन्ही हात हातात घेतले. खोटं बोलत नव्हता तो. मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय, खोटं बोलताना त्याचे कान लाल होतात. त्या दिवशी झाले नव्हते.

आणि भट्टी आहे तोवर हे अगदी खरं होतं. इथेच तर सगळं घोडं पेंड खात होतं. वाइंडिंग बाहेरून आणता येतं, दांडा शिकवता येतो. पण बॉडी नसेल तर पंप कशाचा? बाकीच्या आठ जणांनी मग सील, रंग, खोकी घेऊन करायचं काय? भाऊ गेला तर आमचा पंप त्या दिवशी संपला, हे शेडमधल्या प्रत्येकाला कळत होतं.

दोन महिन्यांनी त्याच्या गल्लीत कंपनीची गाडी दिसली. हे दुसऱ्या दिवसापासून भट्ट्या शोधायला लागले. पाच ठिकाणी फिरले. मोठ्या भट्टीवाल्याने विचारलं, महिन्याला किती हजार नग? आमचे होते तीनशे. तो हसला नाही, एवढेच त्याचे उपकार. लहान भट्टीवाल्यांनी बॉड्या ओतून दिल्या, पण ओतकामात हवेचे बुडबुडे राहायचे. टाकीवर पंप लावला की बॉडीच्या अंगातून घाम फुटल्यासारखं पाणी पाझरायचं. हे तासन् तास त्या पाझरणाऱ्या बॉड्या हाताने पुसत बसायचे. पुसून काय होणार होतं? मला ते बघवत नव्हतं.

शेवटी मीच भावाला विचारलं, "वाळूत काय मिसळतोस ते दुसऱ्या कोणाला शिकव ना."

तो म्हणाला, "ताई, शिकवायला माझी ना नाही. पण ते मुठीला कळतं गं. शिकायला दोन-तीन वर्षं हाताखाली माणूस हवा. तुम्हीच म्हणालात ना, कोणी कोणाचं शिकायचं नाही?"

मी ह्यांना हे सांगितलं नाही. त्यांना ते आधीच कळलेलं होतं.

त्यात भावाला सरकारी नोटीस आली. कोळशाची भट्टी, धूर वस्तीत जातो, सहा महिन्यांत विजेची बसवा नाहीतर बंद करा. त्याच्याकडे बावीस माणसं कामाला. विजेची भट्टी म्हणजे त्याच्या सात पिढ्यांना न झेपणारी गोष्ट. आणि विजेची भट्टी बसवून द्यायला कंपनी तयारच बसली होती.

रविवारी सकाळी दहाला तो आला. हातात प्लास्टिकची फाइल, चेहरा असा की कोणाच्या तरी जाण्याची बातमी आणलीय. मला विचारतो, "ताई, भावजी आहेत का?" ह्यांची स्कूटर दारात उभी, चपला उंबऱ्याशी, आणि हा विचारतोय आहेत का!

आत आला आणि फाइल ह्यांच्यापुढे ठेवली. "भावजी, कंपनीचा करार आहे. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्ही वाचून सांगाल का?"

अकरा जणांपैकी कोणाकडेही कागद आला, बँकेचा असो, कचेरीचा असो, की तो ह्यांच्याकडेच वाचायला यायचा, ही बावीस वर्षांची रीत. भावाला दुसरीकडे जायचं सुचलंच नाही. हा निर्लज्जपणा होता की विश्वास, ते मला अजूनही ठरवता येत नाही. ह्यांनी एवढंच म्हटलं, "बस. चष्मा आण गं माझा."

दीड तास वाचत होते. चौदा पानं, कायद्याची भाषा, एकेक ओळ बोटाने धरून. भाऊ समोर मान खाली घालून बसलेला, त्याचा चहा निवून त्यावर साय धरलेली. मी दाराशी उभी राहून मनात एकच म्हणत होते, देवा, यात काहीतरी इतकं वाईट निघू दे की हा घाबरून परत जाईल. सख्ख्या भावाचं वाईट चिंतत होते मी, दुसरं काही नाही.

आणि निघालं. अकराव्या पानावर ह्यांचं बोट थांबलं. पुन्हा वरून वाचलं. मग म्हणाले, "हे बघ. भट्टी ते बसवणार, पण मालकी त्यांची. एक महिना आधी सांगून ते ती कधीही उचलून नेऊ शकतात. आणि नेली तरी पुढची तीन वर्षं तू दुसऱ्या कोणासाठी काही ओतायचं नाही. समजलं? ना भट्टी, ना धंदा."

भावाचा चेहरा पांढराफटक. "मग? सही नको करू?"

ह्यांनी फक्त "नको" म्हणायचं होतं. खोटंही बोलायचं नव्हतं, पान समोर होतं. मी दाराची चौकट घट्ट धरली. हो म्हणा की नको म्हणा, काय ते एकदाचं म्हणा!

ह्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला. "अशी नको करूस. हे कलम बदलून घे. पाच वर्षांनी भट्टी तुझ्या नावावर होईल असं लिहून घे, आणि त्यांनी काम थांबवलं तर तू मोकळा, असं. मी मुद्दे काढून देतो."

"ते ऐकतील?"

"ऐकतील. तुझ्यावाचून त्यांचं अडतं. तुझ्यासारखा दुसरा नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे." चष्मा परत डोळ्यांवर चढवून म्हणाले, "आम्हीच सांगितलंय."

माझा बांध फुटला. "अहो, डोकं फिरलंय का तुमचं? स्वतःच्या हाताने स्वतःच्या शेडला कुलूप घालताय! आणि तू रे, तू त्या दिवशी हात हातात घेऊन काय बोलला होतास?"

भाऊ रडायला लागला. चाळिशी ओलांडलेला माणूस, गुडघ्यांत डोकं घालून हुंदके देत होता. हे माझ्यावर ओरडले, सव्वीस वर्षांत ओरडले नव्हते तसे. "त्याला नोटीस आलीय! तो थांबला तरी सहा महिन्यांनी त्याची भट्टी बंदच होणार, मग मला बॉडी कोण देणार? मी दोन्हीकडून बुडतोच आहे. त्याला कशाला पाय धरून आत ओढू?"

मी स्वयंपाकघरात गेले. भांडी घासलेलीच होती, ती परत घासली.

कंपनीने दोन्ही मुद्दे मान्य केले. तीन दिवसांत. गुरुवारी दुपारी भाऊ नवी प्रत घेऊन आला. चेहऱ्यावर आनंद होता आणि तो लपवायचा कसा हे त्याला समजत नव्हतं. ह्यांनी पुन्हा चौदाच्या चौदा पानं वाचली. अकराव्या पानावर दोनदा मान हलवली. "चांगलं झालं. आता भट्टी तुझी झाली समज. कधीपासून आहे?"

"एक तारखेपासून."

"म्हणजे आपले शेवटचे किती निघतील?"

"साठेक बॉड्या निघतील, भावजी. जास्तीच्या काढतो हवं तर, दोन पाळ्या लावून."

"नको. साठ बास झाल्या." मग त्यांनी त्याला सह्यांच्या जागा दाखवल्या. प्रत्येक पानावर खाली, शेवटच्या पानावर पूर्ण नाव. भावाने सगळ्या सह्या केल्या आणि पेन हातात धरून थांबला. शेवटच्या पानावर साक्षीदारांच्या दोन जागा रिकाम्या होत्या.

"याचं काय करायचं? भट्टीवरून कोणाला बोलावू?"

"कशाला?" हे म्हणाले आणि पेन त्याच्या हातातून घेऊन पहिल्या जागेवर स्वतः सही केली. खाली खरं नाव लिहिलं, पूर्ण. मग कागद माझ्याकडे सरकवला. "तू कर दुसरी."

मी ह्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. भावाकडे बघितलं, तर तो खिडकीबाहेर बघत होता. नाही म्हणावंसं वाटत होतं, कागद टरकावून टाकावासा वाटत होता. पण नाही म्हणून मी कोणाला वाचवणार होते? सही केली. नाव लिहिलं, पत्ता लिहिला. त्यापुढे करार करणाऱ्याशी नातं लिहायची जागा होती. तिथे लिहिलं, सख्खी बहीण.

ह्यांनी शाईवर फुंकर घातली, पानं सरळ करून फाइलमध्ये भरली आणि भावाच्या हातात दिली. "जाताना एक झेरॉक्स काढ आणि तुझ्याजवळ ठेव," ते म्हणाले. "विसरू नकोस. असे कागद नंतर मागून मिळत नाहीत."